काचेवरची तीट

फोटोवाला एकटाच फोटो काढतो असं ज्याला वाटत असेल, त्यानं एकदा तीन वर्षांचं पोर स्टुलावर बसवून दाखवावं. मग माझ्याशी बोलायला यावं.

आमचा स्टुडिओ गोंदियाच्या बाजारात होता. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. मी सडक अर्जुनीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आले तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलाचं दुकान आहे. मला वाटलं, कापडाचं असेल, नाहीतर किराण्याचं. येऊन पाहते तर काय, दुकानात विकायला काहीच नाही! एक लांबट खोली, छपराला उत्तरेकडून कौलांऐवजी काचा, आणि मागच्या भिंतीला रंगवलेला पडदा. पडद्यावर राजवाड्याच्या पायऱ्या, तळं आणि तळ्यात दोन हंस. हंस कसले, ती बदकंच दिसत होती. मी पहिल्याच दिवशी तसं बोलून दाखवलं. आमचे हे नुसते हसले. ते कमी बोलायचे आणि त्यांच्या वाटचंही मीच बोलायची, असं आमचं पहिल्यापासून ठरून गेलं.

मला दुकानात बोलावलं ते पोरांमुळे. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे तीन पायांवरची पेटी. तोंडावरची टोपी काढायची, मनात एक-दोन-तीन म्हणायचं आणि टोपी परत लावायची. तेवढ्यात जो हलला त्याचं तोंड फोटोत फिसकटलं. मोठी माणसं तर मास्तर छडी घेऊन समोर उभा असल्यासारखी बसायची, त्यांची काळजी नव्हती. पण लेकरं! यांनी काळ्या कापडाखाली डोकं घातलं की लेकरू भोकाड पसरायचं. आई चूप करायला हात हलवायची, बाप डोळे वटारायचा, आजी तिकडून टाळ्या वाजवायची, आणि फोटोत सगळेच हललेले. "जरा तू आके देख ना," असं हे एक दिवस आत येऊन म्हणाले. गिऱ्हाइकांशी हिंदी बोलून बोलून माझ्याशीही त्यांच्या तोंडून अधूनमधून हिंदी निघायची.

मी जाऊन पाहिलं आणि पोराच्या तोंडात एक बत्तासा ठेवला. "चावायचा नाही, नुसता चोखायचा. चावला की संपला." पोर जे गप्प झालं! सगळा जीव तोंडात, अंगात हालचाल म्हणून नाही. तेव्हापासून लेकरांचे फोटो माझ्याशिवाय निघाले नाहीत. फक्त एक झालं, की आमच्या स्टुडिओतल्या सगळ्या पोरांचा एक गाल फुगलेला दिसायचा. एक बाई तर फोटो घेऊन परत आली आणि विचारू लागली की माझ्या पोराची दाढ सुजली होती का?

तो फुगलेला गाल बसवायचा म्हणून मी रिटचिंगला हात घातला. त्याआधी हे काम करणारा एक म्हातारा कारागीर होता, तो मुलाकडे नागपूरला निघून गेला होता आणि कामाचा ढीग पडला होता. फोटो आधी काचेवर यायचा, आणि काचेवर सगळं उलटं. केस पांढरे, दात काळे, माणूस भुतासारखा. ती काच मधे भोक पाडलेल्या उतरत्या फळीवर ठेवायची, खालून आरशानं उजेड मारायचा, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग, फोड, देवीचे वण एकेक ठिपका देत भरून काढायचे. जोर जास्त झाला तर काचेवरचा थरच खरवडला जायचा. माझी नजर लहानपणापासून तांदूळ निवडून तयार झालेली. परातीतला खडा मला उभ्यानं दिसायचा. सहा महिन्यांत मी असं काम करू लागले की यांनी काच उजेडाला धरून म्हटलं, "कमाल है."

पण म्हटलं ते घरात. दुकानात चकार शब्द नाही. माझं टेबल लाकडी फळ्यांच्या आडोशामागे होतं आणि तिथून मला सगळं ऐकू यायचं. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन म्हणायचं, "वाह भाईसाहब, क्या चेहरा निकाला है!" आणि हे म्हणायचे, "आपकी मेहरबानी." आडोशामागे माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चेहरा मी काढला, डोळे माझे लाल झाले, आणि मेहरबानी घेणारे हे कोण? एकदा जेवायला वाढताना मी ताट जरा जोरातच आपटलं.

"तुला काय पाहिजे ते तरी सांग," हे म्हणाले.

"एकदा चारचौघांत म्हणा, की हे काम माझ्या बायकोनं केलं."

"लोक म्हणतील बायकोकडून पेन्सिल मारून घेतो. गिऱ्हाईक बिचकेल. म्हणेन कधीतरी, वेळ आली की."

"वेळ काय स्टेशनवर उतरून टांग्यानं येणार आहे?"

यावर ते भात कालवत राहिले. वाईट माणूस नव्हता हो. धास्ती होती त्यांना. बाजारात नवीन दुकान, लोक काय म्हणतील ही धास्ती. मला ते समजायचं आणि तरी राग यायचाच.

त्याच सुमारास एका राइस मिलवाल्याच्या घरचे लोक फोटोला आले होते. त्यांच्या तान्ह्याच्या गालावर तीट होती आणि ती फोटोत आली. शेठाणीनं नाक मुरडलं. "यह क्या दाग दिख रहा है? देहाती लगता है." मी परत काच घेऊन तो ठिपका भरून काढला. शेठाणी इतकी खूष झाली की तिनं आपल्या बहिणींनाही पाठवलं. झालं. तेव्हापासून लेकराच्या गालावर तीट दिसली की मी पुसूनच टाकायची. कोणाला विचारायचीही नाही. एव्हाना मला मुलगी झाली होती. दिवसातून दोनदा तिला तीट लावणारी मी, पण पेन्सिल हातात आली की मला तो डाग दिसायचा. हातात कला आली की डोक्यात वारं शिरतं, ते माझ्या शिरलं होतं.

धान निघून गेल्यावरचे दिवस. एक दिवस सकाळच्या मोटरीनं कोहमाऱ्याकडचे एक शेतकरी नवरा-बायको आले, बरोबर तीनेक वर्षांचा मुलगा. नवऱ्याच्या अंगात पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. बाईनं नवं लुगडं नेसून डोक्यावरून पदर घट्ट घेतला होता. मुलाचं डोकं नुकतंच भादरलेलं, नाकात बारीक बाळी, आणि अंगात रंगीबेरंगी तुकडे जोडून शिवलेला सदरा. मी पाहिलं आणि मला एका नजरेत समजलं. आमच्याही गावात असंच करायचे. ज्या घरी लेकरं जगत नाहीत, तिथे जगलेल्याला पाच घरी मागून आणलेल्या चिंध्यांचा सदरा घालायचा, नाक टोचायचं, म्हणजे काळाला वाटावं की हे कोणाचं तरी टाकून दिलेलं पोर आहे, याला कशाला न्यायचं.

हे नेहमीप्रमाणे म्हणाले, "बच्चे के लिए कोट है हमारे पास. मखमल का."

"कोट नोको," बाई म्हणाली. "हाच सदरा राहू द्या."

नवरा यांच्याजवळ सरकून हळूच बोलला, पण मला ऐकू आलं. "याच्या आधीचे दोन गेले, मालक. हा तिसरा. आमी तिघं आहो, हे घरच्या भितीवर दिसू द्या. बस, एवढंच."

मुलाला स्टुलावर बसवलं. यांनी कापडाखाली डोकं घातलं तशी बाई एकदम म्हणाली, "थांबा!" पदराच्या गाठीतून तिनं काजळाची डबी सोडली आणि मुलाच्या डाव्या गालावर हरभऱ्याच्या दाण्याएवढी तीट लावली. दोन पावलं मागे जाऊन पाहिली. मग आपल्या जागी जाऊन बसली आणि म्हणाली, "आता काढा." मी बत्तासा काढेपर्यंत कॅमेऱ्याची टोपी निघालीही होती. बत्ताशाशिवाय ते पोर कॅमेऱ्याकडे असं टक लावून बसलं की जणू तोच आमचा फोटो काढतोय. असा फोटो वर्षाकाठी एखादाच निघतो.

म्हणून तर मी त्या काचेवर जीव ओतला. दोन दिवस तेच काम. बापाच्या कपाळाच्या आठ्या हलक्या केल्या, आईचे थकलेले डोळे जरा उजळले, पोराचा गाल लोण्यासारखा केला. आणि तीट भरून टाकली. समोर उभी राहून ती लावताना पाहिली होती मी, तरी भरली. आता खोटं कशाला बोलू?

आठवड्यानं दोघं परत आले, मूल बापाच्या खांद्यावर. मी आडोशामागे कान देऊन बसले. मनात म्हटलं, आज तर वाहवा व्हायलाच हवी. बाप "अरे वा! अरे वा!" करू लागला. बाईनं मात्र विचारलं, "याची तीट कुठं गेली?"

"वो दाग था, बाई. साफ कर दिया. अच्छा दिख रहा है ना?"

"दाग?" तिनं असं विचारलं की माझ्या हातातली पेन्सिल थांबली. "मालक, हा फोटो भितीवर राहीन. सारा गाव पाहीन. येनारा पाहीन, जानारा पाहीन. अन् माह्या लेकराचं तोंड असं उघडं राहीन? रात न् दिवस? मले नाही पायजे. फाडून टाका. ती काच बी फोडून टाका माह्यासमोर."

"अवं, येडी झाली का?" नवरा म्हणाला. "शाईचा ठिपका मारून देतीन ते."

"हाँ हाँ, अभी लगा देता हूँ." यांनी ब्रश उचलल्याचा आवाज आला.

"तुमी कायले लावता? तीट माय लावते. शाईची लावून काय होते?"

आणि तेव्हा आमचे हे, घाबरून, समजूत काढायला म्हणून बोलले, "कारीगर से गलती हो गई, बाई. मैं डाँटूँगा उसको."

माझ्या डोक्याचा भडका उडाला! इतके दिवस माझी वाहवा यांनी खाल्ली, ठीक आहे. आणि आता चूक झाली तर ती कोणा कारागिराच्या नावावर? कोण कारागीर? कुठे आहे? नाव नाही, गाव नाही, असा कोण तो माझ्या कामाचा मालक? मी तशीच उठले, पेन्सिल कानावर, बोटं काळी, आणि दुकानात जाऊन उभी राहिले.

"कारागीर-बिरागीर कोणी नाही इथे. मी केलं ते."

यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बत्तासेवाली म्हणून ती मला ओळखत होती.

"तुमी? बाई असून?"

"हो."

"लेकरू आहे तुमाले?"

"आहे. मुलगी."

"तिले तीट लावता?"

"रोज लावते."

"मंग माह्याचीच काऊन पुसली?"

"अहो, चांगलं दिसावं म्हणून..."

"कोनाले?"

आमच्या आळीत भांडणात मला कोणी हरवलेलं नव्हतं, आणि या बाईनं एका शब्दात माझं तोंड बंद केलं. ती रडत होती, पण डोळे पुसत नव्हती. मला इतकी लाज वाटली की धरणीनं पोटात घ्यावं. पण लाजेच्या मागोमाग दुसरंही काहीतरी आठवलं, आणि ते मी जवळजवळ ओरडूनच बोलले.

"तुमची तीट गेली नाही! तुम्ही लावलेली तीच आहे, तशीच आहे. काचेवर, माझ्या पेन्सिलीच्या खाली."

"खोटं नका बोलू."

"खोटं बोलत असेन तर काच तुमच्या हातानं फोडा. या आत."

तिला घेऊन मी आडोशामागे आले. काच फळीवर ठेवली, काडीला कापूस गुंडाळला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि पोराच्या गालावरून फिरवू लागले. माझं दोन दिवसांचं काम कापसावर काळं होऊन निघत होतं. त्याचं मला त्या वेळी काही वाटलं नाही. भीती वेगळीच होती. ती तीट भरताना माझ्या पेन्सिलीनं खालचा थर खरवडला असेल तर? मग आईची तीट खरंच गेलेली असणार, आणि मला तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. गाल साफ झाला. खालून उजेड आला आणि एक गोल, स्वच्छ ठिपका चमकला.

ती वाकली. "हे काय इपरीत! पोट्टा काळा अन् तीट पांढरी?"

मला हसूच आलं, आणि मग तीही रडता रडता हसली. म्हटलं, "काचेत सगळं उलटं असतं. कागदावर सुलटं होतं. चला, दाखवते."

फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला कधी नेत नसत. हे दारात येऊन म्हणाले, "अरे, अंदर कोई नहीं जाता." मी म्हटलं, "आज जातील," आणि दार लावून घेतलं. आत लाल काचेचा दिवा. आम्ही दोघी आणि औषधाचे उग्र वास. तिला मी सांगितलं की कशालाही हात लावायचा नाही, तर तिनं माझंच मनगट धरलं. मी काचेखाली कागद ठेवला, उजेड दिला, आणि कागद थाळीतल्या पाण्यासारख्या औषधात सोडला. थाळी हळूहळू डुलवू लागले.

कोरा कागद. काहीच नाही. तिची बोटं माझ्या मनगटात रुतत होती.

"काही तं नाही येऊन राहिलं," ती कुजबुजली.

"थांबा."

आणि मग कागदाच्या मधोमध, किंचित बाजूला, एक ठिपका आला. नुसता ठिपका. आई नाही, बाप नाही, पोरही नाही. त्या सगळ्या पांढऱ्या कागदावर एकटी तीट. अधिकाधिक काळी होत गेली. मग तिच्या वर डोळ्यांतलं काजळ उमटलं, मग चिंध्यांचा सदरा, मग गाल, कान, भादरलेलं डोकं, आणि सगळ्यात शेवटी बापाची पांढरी टोपी. यात जादू काही नाही. जे जास्त काळं ते आधी येतं, हे मला माहीत होतं. शेकडो फोटो मी असे उमटताना पाहिले होते. पण त्या दिवशी मी थाळी डुलवायची विसरले.

ती श्वास सोडून म्हणाली, "पाहा. आधी तीट, मंग लेकरू. मी बी रोज असंच काढते त्याले घराबाहेर."

मी रडले. लपवत नाही. माझे हात औषधात होते म्हणून तिनंच आपल्या पदरानं माझे डोळे पुसले, आणि म्हणाली, "हात लय चांगला आहे वो बाई तुमचा. बस, लेकरायच्या तीटीले हात नोका लावत जाऊ." मी तिला शब्द दिला. पुढे किती शेठाण्या रुसल्या, रुसू द्या. मी तो शब्द मोडला नाही.

फोटो धुऊन आम्ही बाहेर आलो तोवर दुकानात आणखी एक गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, रेल्वेतला कोणी बाबू, मुलांचा फोटो काढायचा म्हणून चौकशीला आलेला. शेतकरी दादा आमच्या यांच्याकडे पाहून म्हणाला, "झालं का दुरुस्त, मालक?"

"त्यायले कायले इचारता?" बाई कडाडली. "बाईले इचारा. फोटो बाईनं काढला. म्या माह्या डोळ्यानं पाह्यला."

मी ओला फोटो दोन बोटांत धरून उभी. बाबूनं मान वाकडी करून तो पाहिला, पोराचे ते डोळे पाहिले, ती तीट पाहिली, आणि यांना म्हणाला, "बहुत बढ़िया. भाईसाहब, ये आपका काम है?"

यांनी हातातलं कापड खाली ठेवलं.

"मशीन मैं चलाता हूँ," ते म्हणाले. "चेहरे हमारी घरवाली बनाती हैं. ये सामने खड़ी हैं, इन्हीं से पूछिए."

बाबू गडबडून उठला आणि त्यानं मला नमस्कार केला. मी पदर सारखा केला आणि त्याला विचारलं, "मुलं किती वर्षांची आहेत?"